अंगालगतचं पाणी

मास्तरांचं शिवणाचं दुकान बंद पडलं ते काही आग लागून किंवा भांडण होऊन नाही. गिऱ्हाईक हळूहळू ओसरत गेलं. एके काळी त्यांच्या हातचा कोट घालून शहरातल्या निम्म्या नवरदेवांनी लग्नं केली होती. पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले, आणि मास्तरांकडे यायचे ते पँटची लांबी कमी करायला, नाहीतर पोरांच्या दप्तराची चेन बदलायला. एक दिवस त्यांनी कात्रीला तेल लावून ती कापडात गुंडाळली, शटर ओढलं आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "उद्यापासून भाजी मी आणत जाईन."

"आणा," बायको म्हणाली. "पण निवडून आणा. मापं घेत बसू नका."

शहराच्या टोकाला एक मोठं तळं होतं. डोंगरातलं बर्फ वितळून आलेलं पाणी त्यात साठायचं, त्यामुळे उन्हाच्या दिवसांतही पाय घातला की पोटऱ्यांत कळ यायची. तळ्याच्या धक्क्यावर जलक्रीडेच्या सामानाचं एक दुकान होतं. वल्ही, कयाक, लाइफ जॅकेटं, आणि दांडीवर ओळीने टांगलेले, गार पाण्यात उतरताना घालायचे काळे रबरी सूट. नव्या माणसाला वाटावं, डोकी नसलेली माणसं रांग लावून उभी आहेत. दुकानाची मालकीण पस्तिशीची, पूर्वी होड्यांच्या शर्यतींत उतरलेली, खांद्यांनी रुंद आणि बोलण्याला आखूड. तिने मास्तरांकडून एकदा एका सूटची चेन बदलून घेतली होती आणि ती शिवण तिच्या लक्षात राहिली होती. मास्तरांनी दुकान बंद केल्याचं कळलं तशी ती घर शोधत आली.

"माझ्याकडे दुरुस्तीचं काम पडून असतं," ती म्हणाली. "शिवाय गिऱ्हाइकाला अंगाबरोबर बसेल असा सूट काढून द्यायला जाणकार माणूस हवाय. याल?"

"मला पोहता येत नाही."

"पोहायचं गिऱ्हाइकाने. तुम्ही कपडा बघायचा."

हे वाक्य पुढे दोघांनाही महागात पडलं.

सुरुवातीचे दिवस मात्र मजेत गेले. नव्या मालाचा मास्तरांनी चटकन अंदाज घेतला. स्पंजासारखं जाड, ताणलं की ताणणारं हे रबर आधी डिंकाने चिकटवायचं आणि मग सुई आरपार जाऊ न देता अर्ध्या जाडीतूनच टाका घालायचा, हे मालकिणीने एकदा दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी मास्तर तिच्याहून सुबक घालू लागले. सुई आरपार गेली की भोक पडतं आणि भोकातून पाणी येतं, एवढं त्यांना समजलं होतं. आपल्याला सगळंच समजलं, असं माणसाला वाटायला एवढं पुरतं.

मालकीण माल आणायला बाहेरगावी गेली होती तेव्हाची गोष्ट. दुकानात एक बाई आली. इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स, ठेंगणी, भरल्या अंगाची, आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचावा. तिला सगळं शहर सिस्टर म्हणायचं. ती आणि तिच्या मैत्रिणी थंडीच्या दिवसांत सकाळी तळ्यात पोहायच्या. तिने नुकताच घेतलेला सूट काउंटरवर टाकला.

"मास्तर, यात मी सॉसेज झालेय. छातीला दाबतो, काखेत दाबतो. काढताना तर वाटतं, कातडीसकट निघणार."

मास्तरांनी तिला सूट घालून उभं केलं आणि भोवती एक फेरी मारली. त्यांच्या धंद्यातलं पहिलं सूत्र होतं, कपड्यात माणसाला हालचालीपुरती जागा ठेवायची. छातीला चार बोटं, काखेत दोन बोटं. ज्या कपड्यात बोट शिरत नाही तो चुकलेला कपडा. इथे तर नखही शिरत नव्हतं. त्यांनी खडूने खुणा केल्या, दोन्ही कुशींना आणि काखांत पट्ट्या जोडल्या, आणि शिवण अशी बेमालूम घातली की सिस्टरने आरशासमोर दोनदा वळून पाहिलं.

"आत्ता कुठे श्वास घेतेय," ती म्हणाली. "हातात जादू आहे तुमच्या."

मास्तर त्या दिवशी घरी शीळ घालत गेले.

पुढच्याच आठवड्यात हवा एकदम गार झाली. सकाळी दुकान उघडून मास्तर फरशी पुसत होते, तोच दार धाडकन उघडलं. दोन बायका सिस्टरला दोन्हीकडून धरून आणत होत्या. ओठ निळे, दातांवर दात आपटतायत, आणि बोलायला गेली तर शब्द एकमेकांत गुंतून पडतायत. मालकीण आतून धावत आली. तिने सिस्टरला पडद्याआड नेलं, ओला सूट काढायला लावला, अंग टिपून ब्लँकेटात गुंडाळलं आणि गोड गरम पाणी चमच्या-चमच्याने पाजलं. मास्तर मदत म्हणून सिस्टरचे तळवे चोळायला पुढे झाले, तर मालकिणीने त्यांना थांबवलं. "चोळायचं नाही. आधी पोट-छाती गरम होऊ दे."

थरथर ओसरायला बराच वेळ लागला. तेवढ्यात मालकिणीने फरशीवर पडलेला सूट उचलला, उलटा केला आणि कुशीतल्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"हे कोणी केलं?"

"मी," मास्तर म्हणाले. "घट्ट होत होता म्हणून."

मालकिणीने सूट घडी करून बाजूला ठेवला. ती रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. बोलली ती सिस्टर, ब्लँकेटातून, अजून जडच असलेल्या जिभेने. "शिवण झकास होती हो, मास्तर. पण पाणी इकडून आत, तिकडून बाहेर. धर्मशाळाच झाली माझी."

त्या दिवशी मास्तरांना जेवण गेलं नाही. बायकोने दोनदा वाढायचं विचारलं, तिसऱ्यांदा ताटच उचललं. तेव्हा त्यांनी सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "उद्या जाऊन सांगतो, मला नाही जमायचं. कपडा माणसाच्या जिवावर उठतो, असं काम मी कधी केलं नाही."

बायको गेल्याच वर्षी निवृत्त झाली होती. एका मोठ्या लाँड्रीत तिने चादरींना इस्त्री करण्यात उमर घालवली होती, त्यामुळे वाफ आणि माणसं दोन्हीची तिला सवय होती. ती म्हणाली, "सोडायची तर सोडा. पण काय चुकलं ते आधी समजून घ्या. नाहीतर घरी बसून मलाच विचारत राहाल, आणि मला कुठे ठाऊक आहे?"

दुसऱ्या दिवशी मास्तर धक्क्यावर पोचले तर मालकीण आणि सिस्टर दोघी त्यांचीच वाट बघत होत्या. सिस्टर ठणठणीत होती. मालकिणीच्या हातात एक सूट होता.

"चूक माझी आहे," मालकीण म्हणाली. "पाणी न दाखवता तुम्हाला कपडा बघायला बसवलं. घाला हा."

"अहो, मला पोहता..."

"छातीपर्यंतच जायचंय. मी एका बाजूला, सिस्टर दुसऱ्या बाजूला. बुडायचं म्हटलं तरी आम्ही बुडू देणार नाही."

सूट चढवणं हीच एक शिक्षा होती. मास्तरांनी पायांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या म्हणून पाय तरी घसरत आत गेले. नखांनी ओढायचं नाही, बोटांच्या पेरांनी धरून इंच-इंच वर सरकवायचं. घोट्यावर वळी राहिली की गुडघ्याला कमी पडतं, गुडघ्याला राहिली की खांद्याला. आयुष्यभर दुसऱ्यांना आरशासमोर उभं केलेले मास्तर स्वतः आरशात दिसले तेव्हा त्यांना ओळख पटेना. पोट, फेंगडे पाय, सगळं जसंच्या तसं. दडवायला या कपड्यात कुठे जागाच नव्हती.

पाण्यात उतरले तसा आधी घोट्यांना, मग गुडघ्यांना दाब जाणवला, गारवा तेवढा नाही. मास्तरांना वाटलं, हे तर सोपं आहे. आणि मग कमरेच्या वर पाणी गेलं, पाठीवरच्या चेनीतून आत शिरलं आणि कोणीतरी बर्फाचं बोट पाठीच्या कण्यावरून सावकाश खाली ओढत न्यावं तसं उतरत गेलं. त्यांचा श्वास अडकला. सिस्टरने दंड धरला.

"श्वास सोडा. आधी सोडा, मग घ्या. आता हलू नका."

ते उभे राहिले. मिनिटभराने पाठीवरचं पाणी गार राहिलं नव्हतं. आणखी थोड्या वेळाने ते आहे की नाही हेही कळेना.

"ते पाणी तुम्ही तापवलंत," मालकीण म्हणाली. "तुमच्याच अंगाच्या उबेने. सूट काही शेगडी नव्हे. तो एवढंच करतो, तेच पाणी धरून ठेवतो आणि तुमची ऊब बाहेर सहजी जाऊ देत नाही." आणि तिने त्यांना खांदा दाबून मानेपर्यंत पाण्यात बसवलं आणि कॉलर दोन बोटांनी ओढून धरली. तळ्यातलं नवं पाणी भसकन आत आलं, तापलेलं सगळं वाहून गेलं आणि मास्तरांच्या तोंडून असा आवाज निघाला की धक्क्यावरची बदकं पांगली.

"ही माझी दोन बोटं," मालकीण म्हणाली. "तुम्ही सिस्टरना चार ठेवली होती."

मास्तरांनी मान हलवली.

त्या दिवसापासून त्यांनी नोकरी सोडण्याचं नाव काढलं नाही. सिस्टरला त्यांनी दुसरा सूट निवडून दिला, छातीला मोठा पण पायाला आखूड, ठेंगण्या बांध्यासाठी काढलेला. तो घट्ट बसत होता तरी तिला पूर्ण श्वास घेता येत होता. "दाबतोय आणि धरतोय यात फरक असतो," असं ती म्हणाली, आणि मास्तर तेच वाक्य पुढे गिऱ्हाइकांना ऐकवू लागले. गिऱ्हाईक आलं की ते आता आधी सूट दाखवत नसत. स्टूल पुढे करून विचारत, पाण्यात काय करणार? पाण्यात असणार की पाण्यावर? किती वेळ? बरोबर कोण? काही लोकांना वाटायचं, चौकशी चाललीय. एका तरुणाने चिडून विचारलंही, "काका, सूट विकताय की मुलगी देताय?" मास्तर म्हणाले, "मुलगी देताना लोक एवढं विचारत नाहीत, म्हणून तर घोळ होतात."

त्यांचा जुना अभ्यास अगदीच वाया गेला असंही नव्हतं. शहरातला एक पोस्टमन होता, सुट्टीच्या दिवशी कयाक घेऊन एकटाच मासे धरायला जाणारा. तो म्हणाला, "मला भिजायचंच नाही. पण कधी उलटलो, तर जिवंत घरी यायचंय." त्याच्यासाठी ड्रायसूट निघाला. हा प्रकार वेगळा, पातळ कापडाचा, पाणी आत येऊच न देणारा, मानेला आणि मनगटांना रबराची घट्ट पट्टी. पोस्टमनने तो नुसत्या बनियनवर चढवला, धक्क्याच्या पायरीवरून पाण्यात उतरला आणि पाच मिनिटांत कुरकुरत वर आला. "कोरडा आहे, पण गारठलो की."

"ही नुसती भिंत आहे," मास्तर म्हणाले. "शेकोटी आत तुम्ही न्यायची. लोकरीचं घाला. सुती नको, घामाने भिजलं की तेच गार पडतं."

आणि इथे मात्र जागा ठेवायची होती. लोकरीचे दोन थर मावतील एवढी, खाली बसून वल्हं मारताना खांदे आणि गुडघे ताणले जाणार नाहीत एवढी. पण फार मोकळाही नको, नाहीतर आत हवेचा फुगा होतो. मास्तरांनी पोस्टमनला बसवलं, उठवलं, हात वर करायला लावले, मग उकिडवं बसवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि मानेच्या पट्टीत बोट घालून आतली जादा हवा फुस्स करून सोडायला शिकवलं. त्या आवाजाला दोघेही शाळकरी पोरांसारखे हसले. मानेची पट्टी कापून मोठी करायची वेळ आली तेव्हा मास्तरांच्या कपाळाला घाम आला. कापडाला मार्जिन असतं, चुकलं तर सोडवता येतं. ही एकदा कापली की कापली. त्यांनी एक बारीक कडं कापून काढलं, घालून बघितलं, थांबले, आणि तिथेच कात्री ठेवली.

अशी थंडी सरत आली. एकदा सिस्टर दुकानात आली ती म्हणाली, "मास्तर, वहिनींना का नाही आणत? घरात बसून काय करतात त्या?"

मास्तरांनी घरी हे गमतीने सांगितलं. बायको हसून सोडून देईल असं त्यांना वाटलं होतं. ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. म्हणाली, "यायला आवडेल मला."

"तुला? तळ्यात?"

"उभा जन्म वाफेत गेला माझा. जरा गार बघू."

मास्तर मनातून सुखावले. लगेच टेप काढली. खरं तर बायकोची मापं त्यांना तोंडपाठ होती. लग्नानंतर काढलेला कागदी नमुना अजून जपून ठेवला होता. तिचे सगळे कपडे त्यावरूनच बेतले जात, कमरेला काय ती भर घालायची. पण सूटसाठी नवी मापं लागतात म्हणून त्यांनी तिला खिडकीशी उभं केलं. छाती झाली, कंबर झाली.

"हात वर कर. काखेपासून कुशीचं घ्यायचंय."

तिने उजवा हात वर केला. डावा खांद्याच्या उंचीला येऊन थांबला.

"वर कर ना."

"एवढाच होतो."

ती चेष्टा करतेय असं वाटून त्यांनी कोपराला धरून हात हलकेच वर ढकलला. तिचा श्वास दातांमध्ये अडकल्याचा आवाज झाला. मास्तरांनी हात सोडला.

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस."

"किती?"

"निवृत्त व्हायच्या आधीपासून."

मास्तरांना एकेक आठवू लागलं. वर्षापूर्वी तिने कपड्यांना मागची चेन नको, पुढे बटणं लावा असं सांगितलं होतं. त्यांनी लावून दिली होती, वर थट्टाही केली होती की आता पुढच्या बटणांची फॅशन आली वाटतं. स्वयंपाकघरातले वरच्या फळीवरचे डबे खाली आले होते. त्यांना वाटलं होतं, आवराआवर केली. रस्त्याच्या पलीकडून चाललेल्या माणसाचा कुठला खांदा उतरता आहे, हे अलीकडून सांगणारा माणूस मी, असं ते दुकानात अभिमानाने म्हणत असत.

"सांगितलं का नाहीस?"

ती टेपची गुंडाळी करत होती. "तुमचं दुकान बंद होत होतं तेव्हा. तुमचं तोंड बघून वाटलं, घरात एका वेळी एक दुखणं पुरे."

"आणि नंतर?"

"नंतर सवय झाली. तुम्हीही काही विचारलं नाहीत."

हे ती रागाने म्हणाली नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली. मास्तर तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. तिने ते काढू दिलं.

डॉक्टरांनी सांगितलं, खांदा आखडलाय. शेक द्या, व्यायाम करा, वेळ लागेल, घाई करू नका. पाण्यात हात फिरवायला हरकत नाही, उलट बरंच आहे. फक्त गारठायचं नाही आणि एकटीने जायचं नाही. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा एक व्यायाम होता. मास्तर रोज सकाळी भिंतीपाशी उभे राहून पेन्सिलीने खूण करू लागले. तिने दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खुणा नकोत. मी काय वाढतं पोर आहे?" मास्तरांनी पेन्सिल खिशात ठेवली, पण उभे राहायचं सोडलं नाही.

उन्हाळा या व्यायामात गेला. हात कानापर्यंत येऊ लागला, त्याच्या वर नाही. पाण्याच्या गारव्याला पुन्हा धार चढायला लागली तेव्हा ती दुकानात आली. मास्तरांचं आधीच ठरलं होतं. त्यांनी दुकानातला सगळ्यात चांगला ड्रायसूट काढून ठेवला होता, आणि त्याच्या आत घालायचे लोकरीचे कपडे घडी करून. थंड पाण्याचा एक थेंब तिला लागता कामा नये.

पडद्याआड सिस्टर आणि मालकीण मदतीला होत्या. बाहेर मास्तरांना नुसते आवाज ऐकू येत होते. थोड्या वेळाने पडदा सरकवून बायको बाहेर आली ती सूटचा वरचा भाग कमरेभोवती लोंबत असलेली. मानेच्या पट्टीतून डोकं काढायला दोन्ही हात वर लागतात, आणि तिचा एक तिथवर जात नव्हता.

"दुसरी मान लावतो," मास्तर म्हणाले. "मऊ, सैलसर. लावता येते."

"त्यातून पाणी येईल?"

"नाही. अगदी किंचित. एकूण कोरडीच राहशील."

ती काठाकडच्या खिडकीतून बाहेर बघत होती. सिस्टरच्या मैत्रिणी पाण्यात होत्या, त्यांच्या टोप्या वर-खाली होत होत्या.

"कोरडंच राहायचं तर घरी काय वाईट आहे?" ती म्हणाली.

मालकीण मास्तरांकडे बघत नव्हती, पण तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग ती म्हणाली, "शिवाय यात पोहायला जड जातं. कयाकवर बसणाऱ्याला ठीक आहे. वहिनींना पाण्यात हात फिरवायचाय ना?"

एकसंध रबरी सूट तर त्या खांद्यावरून चढलाच नसता. मालकिणीने मागच्या खोलीतून एक जुना बिनबाह्यांचा सूट शोधून आणला, जुने वल्हेकरी घालायचे तसला, घोट्यापासून छातीपर्यंत, वर दोन पट्टे. त्यावर समोरून पूर्ण उघडणारं जॅकेट. मास्तरांनी तो उलटसुलट करून बघितला आणि कामाला लागले. डाव्या खांद्याचा पट्टा कापून तिथे रुंद वेल्क्रो लावलं, म्हणजे हात उचलायलाच नको. जॅकेटची डावी बाही जरा पुढे वळवून बसवली, आणि चेनीच्या मागे पाणी अडवणारी रुंद झडप लावली. मालकीण डिंक लावून द्यायची, मास्तर टाका घालायचे. दोनदा उसवावं लागलं. डाव्या बाहीचा कोन काही केल्या मनासारखा येईना, तेव्हा बायकोलाच स्टुलावर बसवून अंगावरच बेतली.

शेवटची चाचणी झाली तेव्हा ती म्हणाली, "अहो, घट्ट होतंय."

मास्तरांचा हात सवयीने खडूकडे गेला. तो तसाच टेबलावर राहिला.

"पूर्ण श्वास घे बघू. बोटांना मुंग्या येतायत? खांदा कुठे टोचतोय?"

"टोचत नाही. नुसता घट्ट आहे."

"मग असू दे," मास्तर म्हणाले, आणि त्यांना ते म्हणायला फार जड गेलं.

ती पहिल्यांदा उतरली त्या सकाळी ढग होते आणि वारा नव्हता. मास्तरही सूट घालून तिच्या डाव्या बाजूला होते, सिस्टर उजव्या. पाणी कमरेवर आलं, झडपेतून थोडंसं आत गेलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम आखडला. मास्तरांनी तोंड उघडलं. सिस्टरने नजरेनेच त्यांना गप्प केलं. बायको डोळे मिटून उभी राहिली. मग तिने डोळे उघडले, डावा हात पाण्याखाली पसरला आणि सावकाश बाजूला नेला, जशी ती चादरीवरची सुरकुती काढायची तसा. पाण्याने हाताचं वजन उचललं होतं. तो वरही आला, पृष्ठभागापर्यंत, न थांबता.

"दुखतंय?" मास्तरांनी विचारलं.

"दुखतंय," ती म्हणाली. "पण बोलू नका जरा."

तळ्यात ती फार दूर कधी गेली नाही. पोहायला शिकली ते काठाकाठाने, सिस्टरच्या शिव्या खात. खांदा पुष्कळसा सुटला, सगळा नाही. वरची फळी तिने पुन्हा वापरायला घेतली ती स्टुलावर चढून. मास्तर छातीच्या पुढे कधी गेले नाहीत आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही. तळ्यातून आल्यावर दोघांचे सूट स्वच्छ पाण्यात खंगाळून कमरेत दुमडून टांगायचं काम त्यांचं, कारण खांद्यावर टांगले की ओझ्याने तिथलंच रबर ताणतं.

पुढे पुढे बायको सकाळची दुकानातच थांबायला लागली. वसंतातल्या एका स्वच्छ दिवशी एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. ऊन छान पडलं होतं. त्यांना कयाक भाड्याने हवी होती आणि अगदी पातळ, बिनबाह्यांचे सूट.

"एवढ्या उन्हात जाड सूट कशाला?" नवरा म्हणाला. "उकडून मरू."

मास्तर स्टूल पुढे करणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "होडीत बसलात तर उकडेल, खरंय. उलटलात तर ऊन कामाला येणार नाही. आधी पायरीवर जा आणि पाण्यात हात घालून या. कोपरापर्यंत. लगेच काढू नका."

ती दोघं हसत गेली. परत आली तेव्हा मुलीने लाल झालेला हात काखेत धरला होता आणि नवरा बोटं चोळत होता. बायकोने त्यांना गरम पाण्याचे कप दिले. मास्तरांनी टेप गळ्यात टाकली आणि मुलीला विचारलं, "दोन्ही हात पूर्ण वर जातात ना, ताई? करून दाखवा बरं."